हिस्टॉरिक इंग्लंडचा एरियल फोटो एक्सप्लोरर: घरबसल्या खंदक शोधायला बरा, पण मोबाइलवर नको

इंग्लंडमध्ये रेडिंगला आल्यापासून रविवारी थील ते पँगबर्न चालायला जातो. वाटेत सलहमच्या शेतात काँक्रीटचे पिलबॉक्स (आतून गोळीबार करायचे छोटे बंकर) बसलेत, बायको विचारते हे पंपहाऊस आहे का. नाही हो, १९४० मध्ये फ्रान्समधल्या डंकर्कहून ब्रिटिश सैन्य माघारी आल्यावर आता जर्मन इथे उतरणार म्हणून ब्रिटिश जनरल आयरनसाइडने ज्या अडथळ्यांच्या रेषा आखल्या ना, त्यातली ही एक, केनेट आणि थेम्स या नद्या जोडणारी. नदी नाही तिथे रणगाडे अडवायला खंदक खणले. पिलबॉक्स टिकले, खंदक मात्र पुढे बहुतेक बुजवले, आणि मला नेमका तोच बघायचा होता.

म्हणून उघडला एक्सप्लोरर, म्हणजे इंग्लंडचा वारसा सांभाळणाऱ्या हिस्टॉरिक इंग्लंड या सरकारी संस्थेची विमानातून काढलेल्या फोटोंची वेबसाइट. फुकट आहे, नकाशावर झूम करत जायचं आणि फोटो उघडायचा, बस. २०२१ ला सुरू झाला तेव्हाच ४ लाखांवर फोटो होते, २०२३ मध्ये अमेरिकन विमानांनी १९४३-४४ ला काढलेले ३६०० हून जास्त आले. त्यात बॉम्ब पडलेलं ओल्ड ट्रॅफर्ड, मँचेस्टर युनायटेडचं फुटबॉल मैदान, सापडलं, मग काय, खंदक राहिला बाजूला, अर्धा तास त्यातच गेला.

पण फोटो दिसणं वेगळं आणि वाचता येणं वेगळं. पहिल्याच रात्री एक झकास सरळ रेघ सापडली, लगेच मेहुण्याला पाठवली, तो सर्व्हेअर, म्हणाला अरे ही पाइपलाइन असेल. खंदक बऱ्याचदा मधेमधे कोन घेत जातो, म्हणजे पिलबॉक्समधून त्याच्या लांबीच्या दिशेने गोळी मारता येते. नुकताच बुजवला असेल तर वरची माती फिकट पट्ट्यासारखी दिसते. आणि कोरड्या उन्हाळ्यात खोल मातीत ओल टिकते म्हणून खंदकावरचं पीक जास्त दिवस हिरवं राहतं, कधीकधी आजच्या सॅटेलाइट फोटोतसुद्धा ओळख पटते.

सगळ्यात मजा सावलीची. एका फोटोत मला चक्क बांध दिसत होता, उंच, नगरच्या भुईकोटाच्या तटासारखा. मेहुणा म्हणाला फोटो उलटा कर, सावली तुझ्याकडे येऊ दे. लॅपटॉपच उलटा धरला, आणि तो बांध डोळ्यादेखत खाली बसला, खंदक झाला!

कमी काय, तर हिस्टॉरिक इंग्लंडच्या संग्रहातला थोडाच भाग ऑनलाइन आहे, आणि माझ्या पट्ट्याचा हवा तो फोटो मला त्यात मिळाला नाही. म्हणून एका खाजगी विक्रेत्याकडून (नाव नको) १९४६ ची 'हाय रिझोल्यूशन' फाइल घेतली, उघडली तर बरोब्बर सलहमवर ढग, पैसे परत मागितले तर म्हणे हवामानाची जबाबदारी आमची नाही. ऐंशी वर्षांपूर्वीच्या ढगाची! विकत घ्यायच्या आधी छोटा प्रिव्ह्यू मागाच.

एक्सप्लोररला ५ पैकी ४. मोठा स्क्रीन घ्या, आणि उद्या ऑफिस असेल तर रात्री अकरानंतर उघडू नका.