पिंपळगावातलं ट्रान्सपोर्ट ऑफिस – भाडं मिळतं, पण पोचेचे (माल पोचल्याची पावती दिल्यावरचे) पैसे मागून मागून घ्यावे लागतात

माझा स्वतःचा एकच दहा टायरचा ट्रक, मीच मालक मीच ड्रायव्हर. पिंपळगाव बसवंतला हायवेवरच्या एका ट्रान्सपोर्ट ऑफिसातून (नाव नाही घेत, परत तिथंच नंबर लावायचाय 😅) दोन सीझन कांदा भरतोय, म्हणून लिहितो.

चांगलं म्हणजे माल हमखास. लासलगाव जवळच, लिलाव चालू असले की गाडी एक दिवसाच्या वर उभी राहत नाही. भाडं टनावर, अ‍ॅडव्हान्स डिझेलपुरता लगेच हातात, आणि काट्यावर आपल्यासमोर वजन. ओव्हरलोडचा आग्रह करत नाहीत, हे मला सगळ्यात आवडलं, कारण 28.5 टनाच्या पासिंगवर (गाडीसकट मंजूर वजन) जास्त भरलं की दंड आपल्याच बोकांडी बसतो, व्यापारी फोनसुद्धा उचलत नाही.

आता रडगाणं. बाकीचं भाडं पोच आणून दिल्यावर आठ दिवसांत म्हणतात, मला मागच्या खेपेला महिना लागला आणि तिकडं खाली करायला दोन दिवस गाडी अडकली त्याचं हॉल्टिंग (गाडी थांबल्याचे पैसे) मागितलं तर म्हणे बिल्टीवर (माल भरल्याच्या कागदावर) लिहिलेलं नाही. वर दोन गोण्या सडक्या निघाल्या म्हणून पैसे कापले! अरे कांदा आहे, ताडपत्रीखाली हवा लागली नाही की सडणारच, आणि भर पावसात ताडपत्री काढू का मी?

रिटर्न भाडं ते बघत नाहीत, आपलं आपण शोधायचं. नवीन गाडीवाल्यांनो, हॉल्टिंग आणि घट (माल कमी किंवा खराब निघाला तर काय ते) दोन्ही बिल्टीवर लिहून घ्या मगच गाडी भरायला लावा. पाचपैकी तीन.