आधी प्रेम की आधी ड्रॅगन? रोमान्स आणि फॅन्टसी यांतून निवड करताना

रोमान्स वाचावा की फॅन्टसी, असं कुणी विचारलं की मी आधी एवढंच विचारते: पुस्तक उघडल्यावर तुमची पहिली आनंदाची किंकाळी किती पानांत हवी? प्रश्न गमतीचा वाटेल, पण निवड बरीचशी यावरच होते. दोन्हीकडचे वाचक सारखेच वेडे. पुस्तक छातीशी धरून खोलीभर फेऱ्या मारणं, मध्यरात्री मैत्रिणीला नुसत्या उद्गारचिन्हांचा मेसेज पाठवणं, आवडत्या पात्राने मूर्खपणा केला की पुस्तक मिटून त्याच्यावर रुसणं, हे सगळं दोन्हीकडे चालतं. वेड कधी लागतं, कशाने लागतं आणि किती काळ टिकतं, यात मात्र दोघांचं अजिबात जमत नाही.

रोमान्स: शेवट ठाऊक असण्याची मजा

रोमान्सवरचा ठरलेला आक्षेप म्हणजे, 'शेवट आधीच कळतो.' कळतोच. रोमान्स रायटर्स ऑफ अमेरिका या लेखकांच्या संघटनेने व्याख्याच तशी केली आहे: कथेच्या केंद्रस्थानी प्रेम हवं आणि शेवट मनाला समाधान देणारा, आशेचा हवा. म्हणून 'वुदरिंग हाइट्स'मध्ये प्रेमाचं एवढं वादळ असूनही ती या अर्थाने रोमान्स नाही. वाचक या हमीला 'एचईए' म्हणतात, म्हणजे 'हॅपिली एव्हर आफ्टर'. ती मोडणाऱ्या लेखकाला वाचक फाडून खातात, आणि या भांडणात मी वाचकांच्या बाजूची आहे. खुनाच्या कादंबरीत खुनी सापडलाच नाही तर चालेल का?

शेवटाची काळजी मिटली की नजर बारकाव्यांवर जाते. हातमोजा काढताना थांबलेला हात, नको तिथे निघालेलं नाव, दुसऱ्याच्या ताटाकडे न बघता पुढे सरकवलेलं मीठ. एरवी ज्यावरून नजर घसरून जाईल त्या गोष्टींवर माणूस उशीत तोंड खुपसून ओरडतो. जेन ऑस्टिनच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस'चंच (१८१३) बघा. प्रकरणं ६१. नायक डार्सी नायिका एलिझाबेथला लग्नाची मागणी घालतो ३४ व्या प्रकरणात, म्हणजे मध्य जेमतेम ओलांडल्यावर. तीही इतक्या मिजाशीत घालतो की एलिझाबेथ त्याला उभा-आडवा सोलते. पुढच्याच प्रकरणात त्याचं पत्र येतं आणि आतापर्यंत वाचलेलं सगळं उलटंपालटं होतं. ना युद्ध, ना जादू. एका खोलीत दोन माणसं बोलतात आणि वाचणाऱ्याचे कान तापतात. याच बाईंच्या 'पर्स्वेजन'मध्ये आठेक वर्षांपूर्वी तुटलेलं नातं कथेच्या शेवटाकडे एका पत्रावर येऊन टेकतं. ते पत्र वाचून ज्याच्या घशात काही अडकलं नाही, त्याने निःशंकपणे फॅन्टसीकडे वळावं.

रोमान्स निवडताना लेखकाच्या नावापेक्षा 'ट्रोप' बघा, म्हणजे कथेचा ओळखीचा साचा. आधी शत्रू मग प्रेमी, खोटं लग्न, दुसरी संधी, बालमैत्री, सरायीत उरलेला एकच पलंग, आणि माझा लाडका स्लो बर्न, म्हणजे हळूहळू पेटत जाणारं प्रेम. यातलं कुठलं वाचून तुमच्या ओठांवर हसू येतं ते एकदा उमगलं की पुढची पुस्तकं आपोआप सापडतात. ज्याने मला वैताग येतो तो ट्रोपही सांगून टाकते: गैरसमज. दोघांनी समोरासमोर बसून दोन वाक्यं बोलली असती तर जे पुस्तक ८० व्या पानावर संपलं असतं, ते ३५० पानं ताणणं हा स्लो बर्न नव्हे. स्लो बर्नमध्ये दोघांना थांबायला खरं कारण असतं.

फॅन्टसी: आधी मेहनत, मग मोबदला

फॅन्टसी सुरुवातीला काही देत नाही, उलट मागते. नावं लक्षात ठेवा, नकाशा बघा, कुठल्या घराण्याचं कुणाशी वैर आहे ते समजून घ्या, जादू कुणाला येते आणि ती वापरण्याची किंमत काय ते शिका. पहिल्या शंभर पानांत किंकाळी सोडाच, नकाशाकडे मागे-पुढे करण्यातच जीव जातो. टॉल्किन यांच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मध्ये (१९५४–५५) वाढदिवसाची मेजवानी होते आणि त्यानंतर नायक फ्रोडो घर सोडून निघेपर्यंत कथेतली १७ वर्षं उलटतात! आणि रोमान्सच्या वाचकाने ऐकून खाली बसावं अशी गोष्ट म्हणजे, अ‍ॅरागॉर्न आणि आर्वेन यांची प्रेमकहाणी नीट वाचायची तर ती परिशिष्टात आहे. होय, परिशिष्टात. राजवंशांच्या सनावळ्यांच्या शेजारी.

मग इतके लोक यासाठी जीव का टाकतात? कारण साठवलेलं सगळं एकदम मिळतं. आठशे पानांपूर्वी सहज म्हणून आलेलं गाणं भविष्यवाणी निघतं, कोपऱ्यात बसलेला म्हातारा राजा निघतो, आणि 'अरे, हे तर पहिल्या भागातच सांगितलं होतं!' म्हणत वाचक जुना भाग शोधायला उठतो. रोमान्समध्ये असे छोटे फटाके सतत वाजत राहतात. फॅन्टसीत बराच वेळ नुसती वात जळते, मग छप्पर उडतं.

यात लेखकाची कारागिरी कुठे दिसते, तर जादूच्या नियमांत. फॅन्टसी लेखक ब्रँडन सँडरसन यांनी स्वतःपुरता एक नियम मांडला आहे. त्याचा आशय असा की लेखक जादूने पेच किती समाधानकारकपणे सोडवू शकतो, हे वाचकाला ती जादू किती समजली आहे यावर ठरतं. 'मिस्टबॉर्न'मध्ये (२००६) माणसं धातू गिळून पोटात 'जाळतात' आणि प्रत्येक धातूची शक्ती वेगळी. नियम इतके नेमके, की सुटकेचा मार्ग पात्राच्या आधी वाचकाला सुचू शकतो. कोडी सोडवणाऱ्यांना हे भयंकर आवडतं. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधल्या गँडाल्फ या जादूगाराची ताकद नेमकी किती हे मात्र टॉल्किन कधीच सांगत नाहीत आणि तिथली मजा कोड्याची नसून विस्मयाची आहे. तुम्हाला कोडं हवं की विस्मय, हे ठरवून पुस्तक उचललंत तर निम्मा मनस्ताप वाचेल. मधला आणि पातळ रस्ता हवा असेल तर उर्सुला ल ग्विन यांचं 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' (१९६८). एखाद्या वस्तूचं खरं नाव कळलं की तिच्यावर सत्ता चालते, एवढाच पाया. पुस्तक छोटं, आणि मुलांसाठी लिहिलेलं म्हणून मोठ्यांनी सोडलं तर नुकसान मोठ्यांचंच.

जिवाला घोर किती?

इथे दोन्ही प्रकार अगदी विरुद्ध दिशांना तोंड करून उभे आहेत. रोमान्समध्ये लग्नाची तारीख ठरली की जीव भांड्यात पडतो. फॅन्टसीत लग्नाची तारीख ठरली की जीव मुठीत धरून बसावं. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या 'अ साँग ऑफ आइस अँड फायर' मालिकेतला तिसरा भाग (२०००) वाचलेल्यांना मी कशाबद्दल बोलते आहे ते कळलं असेल. बाकीच्यांनी कुणाला विचारू नये.

आवडतं पात्र मेलं की तुम्ही आठवडाभर सुतकात असता का? मग रोमान्सच बरा, निदान सध्यातरी. 'कुणीही मरू शकतं' या धाकाशिवाय वाचनात राम वाटत नसेल तर फॅन्टसी. यात भित्रेपणा किंवा शौर्य काही नाही. दमलेल्या दिवसांत हमी असलेला शेवट औषधासारखा लागू पडतो, हे फॅन्टसीचे कट्टर वाचकही खासगीत मान्य करतात.

शयनगृहाचं दार उघडं की बंद, हेही आधी बघून घ्या. 'स्पायसी' म्हणून मिरवणारी पुस्तकं असतात आणि चुंबनावर थांबणारीही. जॉर्जेट हेयर यांच्या रीजन्सी काळातल्या, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या इंग्लंडमधल्या कथांमध्ये दार कायम बंद, पण संवाद इतके खुसखुशीत की दाराची आठवणही येत नाही. फॅन्टसीत हा अंदाज मुखपृष्ठावरून बांधणं अवघड आणि हिंसेचा तर त्याहून अवघड. आशयाबद्दलची सूचना पहिल्या पानांत दिली असेल तर ती वाचावी, त्याने रसभंग होत नाही.

मालिका: सही करण्याआधी अटी वाचा

रोमान्सची मालिका सहसा माणसाला अडकवून ठेवत नाही. ज्युलिया क्विन यांची ब्रिजर्टन मालिका (२०००–२००६) म्हणजे आठ भावंडं, आठ पुस्तकं, दर पुस्तकात एक जोडी मार्गी. तिसऱ्यापासून सुरू केलं तरी बिघडत नाही. जुनी जोडपी मागे फिरताना दिसतात, एवढाच बोनस.

फॅन्टसीची मालिका म्हणजे घरजावई होणं. रॉबर्ट जॉर्डन यांच्या 'द व्हील ऑफ टाइम'चा पहिला भाग १९९० चा, चौदावा २०१३ चा. मधे २००७ मध्ये लेखकच गेले आणि शेवटचे तीन भाग त्यांच्या टिपणांवरून सँडरसन यांनी पूर्ण केले. मार्टिन यांचा पाचवा भाग २०११ मध्ये आला, सहाव्याची वाट वाचक अजून बघताहेत. हे सगळं वाट बघणं कुणाला छळ वाटतं, कुणाला अर्धं सुख. दोन भागांच्या मधल्या वर्षांत तर्क लढवणं, जुनी वाक्यं उकरणं, अनोळखी लोकांशी तावातावाने वाद घालणं, हा फॅन्टसीच्या वेडाचा मोठा हिस्सा आहे. एकट्याने गुपचूप वाचणाऱ्याला तो लागूच होत नाही. अशा वाचकाने पूर्ण झालेली मालिका किंवा सुटं पुस्तकच घ्यावं.

ऐकायचा बेत असेल तर रोमान्स पुढे. नायक-नायिकेची प्रकरणं दोन वेगळ्या आवाजांत असली की ऑडिओबुक वाचनावर मात करतं. फॅन्टसी ऐकताना नकाशा दिसत नाही आणि सारख्या वाटणाऱ्या तीन नावांपैकी मेलं कोण, हे कळायला मागे जावं लागतं.

आणि दोन्ही एकत्र हवं असेल तर

'रोमँटसी' हे नाव गेल्या काही वर्षांतलं, पण प्रेम आणि अद्भुत एका गाठोड्यात बांधायची हौस जुनीच. मराठी कादंबरी पाळण्यात असतानाच 'मुक्तामाला' (१८६१) आणि 'मंजुघोषा' (१८६८) यांनी तेच केलं होतं. आजची लाट मुख्यतः दोन नावांवर उभी आहे: सारा जे. मास यांची 'अ कोर्ट ऑफ थॉर्न्स अँड रोझेस'पासून (२०१५) सुरू झालेली मालिका आणि रेबेका यारोस यांची 'फोर्थ विंग' (२०२३).

रोमँटसीची पारख करायला माझी एक कसोटी आहे. कथेतून प्रेम काढून टाका. जग उभं राहतं का? मग जादू काढा. प्रेम उभं राहतं का? एकाला हात लावला की दुसरं कोसळत असेल तर पुस्तक जमलेलं आहे. 'फोर्थ विंग' इथे पास होतं (उलगडा अर्ध्या वाटेवरचा आहे, नको असेल तर पुढचं वाक्य सोडा). नायिका व्हायोलेटचा ड्रॅगन आणि नायक झेडनची ड्रॅगन हे जोडीदार आहेत, त्यामुळे या दोघांना एकमेकांपासून लांब जाणंच शक्य नाही. म्हणजे 'एकच पलंग' हा ट्रोप पंख लावून आला! राज्याचं राजकारण मात्र त्या पुस्तकात बऱ्यापैकी पातळ आहे आणि मुरलेल्या फॅन्टसी वाचकाला ते खटकेल. मास यांचा पहिला भाग 'ब्यूटी अँड द बीस्ट'च्या वळणाने जातो. तो वाचून 'एवढं कौतुक कशाचं?' असं वाटलं तर दुसरा वाचल्याशिवाय मत देऊ नका. कारण सांगितलं तर मजा जाईल.

नेओमी नोविक यांचं 'अप्रूटेड' (२०१५) उलट्या बाजूने झुकतं. विज्ञानकथा-फॅन्टसीसाठीचा नेब्युला पुरस्कार मिळालेलं हे सुटं पुस्तक आहे, त्यातलं जंगल झोप उडवणारं, प्रेम मोजकं. रोमान्सच्या अपेक्षेने घेतलंत तर उपाशी राहाल. डायना गॅबल्डन यांच्या 'आउटलँडर'मध्ये (१९९१) दुसऱ्या महायुद्धातली परिचारिका अठराव्या शतकातल्या स्कॉटलंडमध्ये जाऊन पडते. इथे जादू नावापुरती, इतिहास पोटभर आणि प्रेम त्याहून जास्त.

तर मग घ्यावं काय?

बरेच महिने हातात पुस्तक धरवलं नसेल, तर रोमान्स घ्या, तोही सुटा आणि तुमच्या आवडत्या ट्रोपचा. वाचनाचं गाडं तेवढ्याने हलतं. लांब सुट्टी आहे, डोकं ताजं आहे आणि पात्रांपेक्षा जगाच्या प्रेमात पडायची सवय आहे, तर फॅन्टसी. फॅन्टसीत अगदी नवखे असाल तर अर्थसी, नाहीतर 'अप्रूटेड'. चौदा भागांच्या मालिकेवर उडी मारू नका, कितीही जिवलग मैत्रिणीने शपथ घातली तरी. रोमान्स आवडतो पण 'नुसतंच प्रेम' वाचायला संकोच वाटतो, असं म्हणणाऱ्यांना मी आधी ऑस्टिन देते, कारण तिथे पैसा, वारसा आणि घराण्याची इभ्रत यांचा हिशोब प्रत्येक नाचात चालू असतो.

रोमँटसीवरच मन बसलं असेल तर 'फोर्थ विंग' घ्या. फक्त शेवटचं प्रकरण रात्री उशिरा सुरू करू नका आणि दुसरा भाग, 'आयर्न फ्लेम', आधीच आणून ठेवा.