जड इम्पालाला ३.२७ चा पहिला गिअर : सीझनभर चालवल्यावरचा अनुभव

आधी गाडी सांगतो म्हणजे पुढचे आकडे कळतील. १९६७ ची शेव्ही इम्पाला, दोन दाराची, ३२७ क्युबिक इंचाचं इंजिन म्हणजे आपल्या भाषेत ५.४ लिटर, त्यातलं २७५ हॉर्सपॉवरवालं साधं. कॅम (इंजिनचे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) सौम्य, आयडलला शांत. गाडी मात्र लांबच लांब आणि जड, चार माणसं आणि डिकीत सामान टाकलं की दोन टनाच्या आसपास जाते. मी डेट्रॉइटच्या बाजूला राहतो, रस्त्यावर मीठ पडायला लागलं की ती गराजमधे आणि एप्रिलनंतर बाहेर. पण बाहेर असते तेव्हा ऑफिस, किराणा, लांबचा प्रवास सगळं तिच्यावरच, शोमधे पुसून उभी करायची गाडी नाहीये ती.

मूळ गिअरबॉक्स मन्सी एम२०, चार स्पीड : २.५२, १.८८, १.४६, १.०० (मागे जाणारा दांडा, म्हणजे ड्राइव्हशाफ्ट, एकदा फिरायला त्या गिअरमधे इंजिन किती वेळा फिरतं तो आकडा). मागे १२ बोल्ट रिअर, म्हणजे मागच्या चाकांचा डिफरन्शियल, त्याचा आकडा ३.३१. बॉक्स ठणठणीत होता, काढायचं कारण तो बिघडला हे नव्हतंच. कारण एवढंच की ताशी ७० मैलाला इंजिन २८०० आरपीएमवर फिरत राहतं, दोन तास फ्रीवेवर गेलात की बायको बोलत असते आणि तुम्ही नुसती मान हलवत असता. आणि दुसरं कारण, जे मला जास्त छळायचं, ते म्हणजे पहिला गिअर लांब, म्हणजे त्याचा आकडा लहान. सिग्नलवरून निघताना दरवेळी हाफ क्लच, चढावर तर विचारूच नका.

तर ट्रेमेकचा टीकेएक्स पाच स्पीड बसवला, आणि त्यातला ३.२७ वाला सेट घेतला : ३.२७, १.९८, १.३४, १.००, ०.७२. रिअर ३.३१ च ठेवला. ज्यांना ज्यांना सांगितलं त्यातल्या निम्म्यांनी तोंड वाकडं केलं, "२.८७ घ्यायचा होतास, ३.२७ ट्रकचा गिअर आहे" वगैरे. एका दुकानदाराने तर माझा रिअर कुठला, टायर केवढे हे न विचारताच २.८७ आणि ०.६८ चा सेट गळ्यात मारायचा प्रयत्न केला.

लोक काय करतात, ओव्हरड्राइव्हचा, म्हणजे १.०० च्या खालच्या टॉप गिअरचा, आकडा बघतात आणि बॉक्स घेतात. जड गाडीला उलटं करा. आधी पहिला गिअर गुणिले रिअर करा. माझा जुना गुणाकार २.५२ गुणिले ३.३१ म्हणजे ८.३. आताचा ३.२७ गुणिले ३.३१ म्हणजे १०.८. रस्त्यावर चालवायच्या जड गाडीला हा आकडा १० ते ११ च्या मधे आला की गाडी स्वतःहून हलते, क्लचला रडत बसावं लागत नाही. २.८७ घेतला असता आणि रिअर तसाच ठेवला असता तर ९.५ आला असता, चालला असता पण मजा नाही. मग त्याला ३.७३ चा रिअर लावा, की आला परत १०.७. म्हणजे फिरून तिथेच, फक्त रिअर उघडायचा, पिनियन (रिअरमधला छोटा गिअर) सेट करायचा, शिम (पातळ चकत्या) लावत बसायचा खर्च वर. म्हणून म्हणतो की २.८७ चांगला का ३.२७ चांगला हा प्रश्नच अर्धवट आहे.

टॉपचं गणित पण सोपं आहे, आरपीएम म्हणजे वेग मैलात गुणिले गिअर गुणिले रिअर गुणिले ३३६, भागिले टायरची उंची इंचात. माझे टायर २१५/७५ आर १५, उंची २७.७ इंच. ७० मैलाला पाचव्यात येतात २०२० च्या आसपास. प्रत्यक्षात टॅकोमीटर थोडं जास्त दाखवतो कारण गाडीच्या वजनाने टायर बसतो. टायर हा पण एक गिअरच आहे हे लोक विसरतात, हेच टायर काढून कोणी २६ इंची लावले तर ३.३१ चा रिअर ३.५ सारखा वागायला लागतो, एक पाना न फिरवता.

आता चालवताना काय वाटतं ते. ऑगस्टमधे वुडवर्ड ड्रीम क्रूझ, म्हणजे जुन्या गाड्यांची फेरी, असते आमच्याकडे, १९९५ पासून चालू आहे, त्या शनिवारी वुडवर्ड ॲव्हेन्यूवर गाड्यांची नुसती मुंगीची रांग. जुन्या बॉक्सला आयडलवर, साधारण ७०० आरपीएमला, पहिल्यात गाडी जवळजवळ ७ मैलाने सरकायची, पुढची रांग त्याहून हळू, त्यामुळे सारखं क्लच दाब, सोड, ब्रेक, परत दाब, संध्याकाळी डावा गुडघा बोलायला लागायचा आणि केबिनमधे क्लचचा तो जळका वास. आता त्याच आयडलला ५.३ मैल. ऐकायला दीड मैलाचा फरक, पण पाय क्लचवरून पूर्ण काढून गाडी आपली आपण रांगते. पैसे इथेच वसूल झाले माझे, फ्रीवेवरची शांतता वरचा बोनस.

उणी बाजू सांगतो. पहिला ते दुसरा मोठी उडी आहे. पहिल्यात ५००० पर्यंत ताणला, म्हणजे ३८ मैलाच्या आसपास, आणि दुसरा टाकला की आरपीएम थेट ३००० ला. एम२० मधे हेच ३७०० ला पडायचं, म्हणून तो बॉक्स हातात गोड लागायचा हे मान्य. पण माझं इंजिन जास्तीत जास्त टॉर्क देतं ३२०० च्या आसपास, त्यामुळे ३००० ला पडून पण गाडी ओढते, ढेपाळत नाही. मोठा कॅम टाकलेला, ३५०० च्या खाली झोपणारा इंजिनवाला असेल त्याने हा सेट घेऊ नये, त्याला ही उडी रोज टोचेल. त्याच माणसाला टॉपला २००० आरपीएम पण नको, गाडी झटके देईल. त्याच्यासाठी २.८७ चा सेट, ०.८१ चा टॉप आणि ३.७३, ७० ला साडेपंचवीसशेच्या वर फिरेल पण सुरळीत फिरेल.

पाचवा मी ५५ च्या खाली टाकतच नाही. ४५ ला टाकला तर १३०० आरपीएम होतात आणि इंजिन घुसमटतं, खालून एक घरघर येते ती ऐकवत नाही. चढाला पण पाचवा विसरा. पेनसिल्व्हेनिया टर्नपाइकवर अलेघेनी टनेलच्या आधी जो चढ आहे तिथे ६५ ला पाचव्यात १९०० च्या खालीच फिरत होतं, मागच्या सीटवर आई-बाबा, डिकी भरलेली, आणि बाबा मागून, "अरे खालचा टाक, ओढत काय बसलायस तिला." त्यांनी बोरघाटात फियाट चढवलीये, कानाला कळतं. चौथा टाकला, २६०० वर आली आणि चढ कधी संपला कळलं नाही. पेट्रोलचं म्हणाल तर फ्रीवेवर गॅलनला दोन-अडीच मैल जास्त मिळतात, त्यातून बॉक्सचे पैसे सुटतील असं समजून कोणी घेऊ नका, या जन्मी नाही सुटणार.

ट्रेमेकचाच सहा स्पीडचा मॅग्नम पण बघितला होता. त्यातल्या एका सेटला पहिला २.९७ आणि सहावा ०.५०. माझ्या रिअरवर ७० ला सहाव्यात १४०० आरपीएम, म्हणजे तो गिअर शोभेचा. तो वापरायचा तर ४.१० रिअर पाहिजे, १२ बोल्टला ४.१० साठी कॅरिअरच (रिअरमधला मोठा गिअर धरणारा भाग) वेगळा लागतो, शिवाय बॉक्स मोठा, फ्लोअर कापावा लागतो. ५० वर्षांहून जुन्या पत्र्याला करवत लावायचं माझं मन झालं नाही.

बसवण्याबद्दल थोडक्यात. बेलहाउसिंग (इंजिन आणि बॉक्स जोडणारं कवच) डायल इंडिकेटर लावून तपासाच, रनआउट म्हणजे मध्य सरकल्याचा फरक ५ थाऊच्या (इंचाच्या पाच हजारांशाच्या) आत पाहिजे, नाहीतर नवा बॉक्स असून गिअर अडकल्यासारखा पडतो आणि लोक बॉक्सला शिव्या घालतात. ड्राइव्हशाफ्टची लांबी बॉक्स बसवल्यावर मोजा, आधी कागदावरून नाही, आणि पिनियनचा कोन त्याच वेळी बघून घ्या. स्पीडोमीटरची केबल सरळ लागते, मूळ मीटर तसंच चालतंय.

या हिवाळ्यात पिनियन सील बदलायला रिअर खाली घेतोय, मित्र म्हणतोय उघडतोच आहेस तर ३.५५ टाक. २.८७ चा बॉक्स असता तर डोळे झाकून टाकला असता, गुणाकार १०.२ आणि ०.६८ च्या टॉपला ७० वर २०५०, मला विचाराल तर जड गाडीला कागदावर सगळ्यात गोड जोडी तीच. माझ्या ३.२७ ला मात्र तो ११.६ जातो, चौक ओलांडायच्या आत दुसरा टाकावा लागेल. सील बदलून ३.३१ च परत बसवणार.