लोकसाउंड ५ : कसारा घाटाचा चढ लावून पाहिलेला डिकोडर

ईएसयू या जर्मन कंपनीचा लोकसाउंड ५ (मॉडेल रेल्वेच्या इंजिनात बसवायचा, मोटर आणि आवाज दोन्ही चालवणारा डिकोडर) घेतला की पहिले चार दिवस सगळे हॉर्नच वाजवत बसतात. पैसे वसूल होतात ते मात्र मोटरवरच्या ताब्यामुळे, आणि तो ताबा सपाट रुळावर कळत नाही. नाशिककरांना चढाचा नमुना शोधायला नको, कसारा ते इगतपुरी १:३७ आहेच. एचओ मापात (१:८७) तीन मीटर रुळावर हा चढ जेमतेम ८ सेंमीचा होतो. पुढे एक इंजिन, मागून ढकलणारा बँकर, मध्ये मालडबे. दोन इंजिनांचा वेग जुळला नाही तर वळणावर मधला हलका डबा हमखास उडतो.

आधी जोडणी. मोटरचं एकही टोक चाकांना किंवा चेसिसला टेकता कामा नये. मल्टिमीटर बीप झाला तर डिकोडर लावू नका, जळेल. कॅप्टॉन टेप (उष्णता सोसणारी इन्सुलेशनची पट्टी), हीट श्रिंक, आयसोप्रोपिल अल्कोहोल शहरातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत मिळून जातं. डिकोडर मात्र बाहेरून मागवायचा.

मग मोटरची जुळणी. इंजिन दोन्ही दिशांना दहा-दहा मिनिटं चालवून गरम करा, दीड-दोन मीटर सरळ रुळावर ठेवा, मेन लाइनवरच (प्रोग्रॅमिंगच्या वेगळ्या रुळावर नाही) सीव्ही ५४ मध्ये ० लिहा (सीव्ही म्हणजे डिकोडरमधली क्रमांकाची सेटिंग) आणि कंट्रोलरवरची एफ१ की दाबा. इंजिन सुमारे दीड सेकंद पूर्ण वेगात सुटतं आणि डिकोडर मोटरची मापं स्वतः घेतो. पुढे हात धरायला विसरू नका. गिअरमधलं ग्रीस वाळलेलं असेल तर मापंच चुकीची येतात आणि मग इंजिन वेगाच्या पहिल्या पायरीला झटके देतं. दोष डिकोडरचा नसतो, आधी ग्रीस बदला.

वेग घड्याळावर लावा. ताशी १०० किमी म्हणजे एचओमध्ये एक मीटर ३.१ सेकंदांत, ६० किमी म्हणजे ५.२ सेकंदांत. तेवढं येईपर्यंत सीव्ही ५ (कमाल वेग) खाली आणा. बँकरची जोडी लावताना हळू इंजिन प्रमाण धरायचं आणि चपळ इंजिनाला खाली ओढायचं. उलट करता येत नाही. दोघांना तात्पुरता एकच पत्ता (इंजिनाचा डिजिटल क्रमांक) देऊन ३० सेंमी अंतरावर सोडा. मधल्या वेगात अंतर बदललं तर सीव्ही ६७ ते ९४ चा स्पीड टेबल (पायरीपायरीचा वेग) हलवा. सीव्ही ३ आणि ४ (वेग घेण्याचा आणि कमी होण्याचा दर) दोघांचे वेगळे राहिले तर सुटताना आणि थांबताना डबे दाबले जातात, हे बहुतेक जण विसरतात.

वेग पक्का झाल्यावरच आवाजाकडे वळा, कारण इंजिनाचा आवाज वेग आणि भारामागेच चालतो. एकूण आवाज सीव्ही ६३ मध्ये, कमाल १९२. दिवाणखान्यात ९० पुरे. त्यापुढे साखरेच्या खड्याएवढा स्पीकर फाटका वाजतो, आणि बंद डबी न लावता नुसता चिकटवला असेल तर आधीच पातळ वाजत असतो. एकेक आवाज वेगळा कमी करायचा तर प्रथम सीव्ही ३१ मध्ये १६, सीव्ही ३२ मध्ये १ लिहून सेटिंगचं पान निवडा. मग पहिल्या स्लॉटसाठी (एका आवाजाची जागा) सीव्ही २५९, दुसऱ्यासाठी २६७, तिसऱ्यासाठी २७५, असे आठ-आठने पुढे. प्रत्येकाची कमाल १२८. ३१-३२ राहून गेले तर आकडा भलत्याच पानावर लिहिला जातो आणि तिसरंच काही बिघडतं.

घाटात दोन्ही इंजिनं हॉर्न देऊ लागली की मजा जाते. दोघांच्या सीव्ही १९ मध्ये जोडीचा एकच पत्ता लिहून जोडी बांधा (उलट तोंडाच्या बँकरला त्या पत्त्यात १२८ मिळवा) आणि बँकरच्या सीव्ही २१ मध्ये (जोडीत कोणत्या की चालाव्यात ते) फक्त इंजिनाच्या आवाजाची की ठेवा. ती एफ१ असेल तर १.

उणी बाजू एवढीच, पण मोठी: आवाजाची फाइल बदलायला लोकप्रोग्रामर (संगणकाला जोडायचं ईएसयूचं उपकरण) वेगळा घ्यावा लागतो. डब्ल्यूडीएम-२ (भारतीय रेल्वेचं डिझेल इंजिन) वाल्यांना आल्को २५१ या डिझेल मोटरचा अमेरिकन आवाज चालतो, कारण खऱ्या इंजिनातही तेच होतं. हॉर्न मात्र आपला वाटत नाही. एकच इंजिन असेल तर हा खर्च परवडत नाही, मित्रांत वाटून घ्या.

सगळं विस्कटलं तर सीव्ही ८ मध्ये ८ लिहिलं की डिकोडर मूळ स्थितीत येतो. पत्ताही पुन्हा ३ होतो, म्हणून जुळवलेले आकडे आधी वहीत उतरवून ठेवा.