लंडनचा ‘पंच’ आणि डब्लिनची रंगीत पुरवणी

1880च्या दशकातील आयरिश जमीन-आंदोलन, म्हणजे कुळांचा जमीनदारांविरुद्धचा लढा, दोन शहरांच्या व्यंगचित्रांत पाहिले, तर एकाच शेतकऱ्याचे दोन परस्परविरोधी चेहरे दिसतात. लंडनच्या ‘पंच’ या व्यंग-साप्ताहिकासाठी व्यंगचित्रकार जॉन टेनिएल लाकडी ठोकळ्यावर चित्र रेखाटत आणि जोसेफ स्वेन यांच्या कार्यशाळेत ते कोरले जाई. 29 ऑक्टोबर 1881च्या ‘टू फोर्सेस’ या चित्रात तलवारधारी ब्रिटानिया (ब्रिटनचे स्त्रीरूप) रडणाऱ्या हायबर्नियाला (आयर्लंडचे स्त्रीरूप) जवळ घेऊन उभी आहे. ब्रिटानियाच्या पायाखाली लँड लीग ही आंदोलनाची संघटना तुडवली जात आहे आणि समोर माकडतोंड्या आयरिश बंडखोर हातात दगड घेऊन उभा आहे.

डब्लिनच्या ‘वीकली फ्रीमन’ या साप्ताहिकासोबत मिळणाऱ्या रंगीत शिळाछापाच्या पुरवणीत मात्र जॉन फर्गस ओ’हे यांनी त्याच शेतकऱ्याला देखणा, ताठ मानेचा ‘पॅट’ (सामान्य आयरिश माणसाचे प्रातिनिधिक नाव) केले, आणि कुरूपता दिली ती जमीनदाराला व सरकारी अधिकाऱ्याला.

निव्वळ रेषेच्या ताकदीत टेनिएल निःसंशय सरस आहेत. तरीही त्यांचे चित्र आयर्लंडविषयी इंग्रज वाचकाशी बोलते, तर ओ’हे थेट आयरिश माणसाशी बोलतात. म्हणूनच त्या काळच्या आयरिश राजकारणाच्या अभ्यासासाठी मला डब्लिनची पुरवणी अधिक मोलाची वाटते, जरी तिचा पॅट जरा जास्तच गोंडस असला तरी.