सुगिमोतो की सुगिउरा: प्रबंधासाठी कोणाची निवड करावी?

अमेरिकेत स्थायिक झालेल्या प्रयोगशील जपानी छायाचित्रकारावर प्रबंध लिहायचा म्हटला की हिरोशी सुगिमोतो यांचे नाव आधी सुचते आणि त्यात नवल नाही. १९४८ मध्ये टोकियोत जन्मलेले सुगिमोतो लॉस एंजेलिसमध्ये शिकून १९७४ साली न्यूयॉर्कला आले. त्यांच्या मालिकांमागची कल्पना एका वाक्यात सांगता येते. उदाहरणार्थ, चित्रपटगृहांच्या मालिकेत चित्रपट सुरू होताना कॅमेऱ्याचे शटर उघडायचे आणि संपल्यावर मिटायचे; मग अख्खा चित्रपट पडद्यावर पांढरा चौकोन होऊन उरतो आणि त्याच उजेडात एरवी अंधारात बुडालेल्या प्रेक्षागृहाची नक्षी दिसू लागते. त्यांच्यावर लेखन भरपूर आहे, म्हणून साहित्य जमवणे सोपे आहे; नवे काही म्हणणे मात्र तितकेच अवघड.

कुनिए सुगिउरा त्यांच्याहून वयाने मोठ्या. (आडनावांतील साम्यामुळे संदर्भ शोधताना गल्लत होते, तेवढे सांभाळावे.) १९४२ मध्ये नागोयात जन्मलेल्या सुगिउरा भौतिकशास्त्राचे शिक्षण सोडून १९६३ मध्ये शिकागोच्या कलाशाळेत दाखल झाल्या आणि १९६७ मध्ये न्यूयॉर्कला गेल्या. तिथे त्यांनी कॅनव्हासवर प्रकाशसंवेदी द्रावण लावून त्यावरच छायाचित्र उमटवले आणि पुढे त्याच्या शेजारी रंगवलेले कॅनव्हास जोडले. १९८० पासून तर त्या कॅमेरा बाजूला ठेवून फोटोग्रॅमकडे, म्हणजे प्रकाशसंवेदी कागदावर थेट वस्तू ठेवून तिची छाया उमटवण्याकडे, वळल्या. एका मालिकेसाठी त्यांनी अंधारखोलीत संवेदी कागदावर मांजराची पिल्लेच मोकळी सोडली. सुगिमोतो यांनीही पुढे कॅमेऱ्याविना, थेट फिल्मवर विजेच्या ठिणग्या पाडून काम केले, पण चित्र नेमके कसे यावे हे हातात नसण्याची जोखीम सुगिउरांनी कितीतरी आधी पत्करली होती.

कलावंताच्या चरितार्थाचा प्रश्न ज्यांना महत्त्वाचा वाटतो, त्यांनी सुगिमोतो यांचा न्यूयॉर्कमधील जपानी पुराणवस्तूंचा व्यापार अवश्य अभ्यासावा. त्यांच्या कलादृष्टीवर त्याची छाप आहे.

तरीही माझा कौल सुगिउरांना आहे. छायाचित्र की रंगचित्र, या कप्पेबंदीमुळे त्यांची दखल उशिरा घेतली गेली. सॅन फ्रान्सिस्कोच्या आधुनिक कला संग्रहालयातील त्यांचे मोठे प्रदर्शन २०२५ चे. शिवाय त्यांची रीत विद्यार्थ्याला स्वतः करून तपासता येते: अंधारखोलीत कागदावर एखादे फूल ठेवून क्षणभर दिवा लावला आणि कागद धुतला, की जिथे पाकळी टेकली होती तिथली कडा रेखीव आणि जिथे ती उचललेली होती तिथली धूसर उमटते.