पॉइंट टू-टू मॅच काडतुसे: आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

गेल्या आठ महिन्यांत मी माझ्या पॉइंट टू-टू टार्गेट रायफलीतून सुमारे साडेतीन हजार काडतुसे झाडली आणि ती जवळपास सगळी एकाच लॉटची, म्हणजे कारखान्यात एकत्र बनलेल्या एकाच तुकडीची होती. काडतूस लापुआ कंपनीचे सेंटर-एक्स. ते उत्तम आहेच. तरीही खोक्यावरच्या नावापेक्षा त्याच्या बाजूला छापलेल्या लॉट क्रमांकाचा माझ्या गुणांशी अधिक जवळचा संबंध आहे, असे माझे आता ठाम मत झाले आहे.

पॉइंट टू-टू हे रिमफायर, म्हणजे तळाच्या कडेवर आघात होऊन उडणारे काडतूस; ते मध्यावर आघात होणाऱ्या सेंटरफायरप्रमाणे घरी दारू तोलून भरता येत नाही. त्याचे प्राइमर, म्हणजे आघाताने पेटून दारू पेटवणारे मिश्रण, पुंगळीच्या तळाच्या पोकळ कडेत ओले असताना फिरवून बसवलेले असते. ते कमी-जास्त पसरले, कडेची जाडी किंचित बदलली किंवा शिशाच्या गोळीवरचा मेणाचा थर जाड-पातळ झाला, की गोळीचा वेग बदलतो. ४० ग्रेनची (सुमारे २.६ ग्रॅम) ही गोळी सेकंदाला साधारण ३२५ मीटर, म्हणजे ध्वनीच्या वेगापेक्षा थोड्या कमी वेगाने सुटते आणि ५० मीटर गाठेपर्यंत सुमारे साडेबारा सेंटीमीटर खाली येते. दोन गोळ्यांच्या वेगात सेकंदाला १० मीटरचा फरक पडला, तर लक्ष्यावर त्यांच्यात सात-आठ मिलिमीटर उभे अंतर पडू शकते. दहाच्या वर्तुळाचा व्यास अवघा १०.४ मिलिमीटर असतो आणि दशांश गुणांकनात ०.८ मिलिमीटर सरकले की एक दशांश जातो. पॅरिस ऑलिम्पिकमध्ये १ ऑगस्ट २०२४ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळे यांनी ४५१.४ गुणांनी कांस्यपदक मिळवले, ती ५० मीटर रायफल थ्री पोझिशनची (गुडघ्यावर, पालथे आणि उभे राहून नेमबाजी) अंतिम फेरीही ह्याच दशांशांवर खेळली जाते.

सुरुवातीला मी महागात महाग खोकी घेत असे. एका विक्रेत्याकडून घेतलेल्या ५०० काडतुसांत तीन वेगवेगळे लॉट निघाले. झिरो, म्हणजे गोळी नेमक्या मध्यावर लागेल अशी साइटची जुळणी, पुन्हापुन्हा सरकत राहिला आणि दोन महिने मी स्वतःच्या ट्रिगरला दोष देत बसलो. त्यानंतर मी पैसे देण्यापूर्वी प्रत्येक खोक्यावरचा क्रमांक वाचू लागलो. आपल्याकडे खरेदी परवान्यावर नोंदवूनच करावी लागते, आयात माल ठरावीक काळानेच येतो आणि निवडीला फारसा वाव नसतो, म्हणून माल आल्याचे कळताच त्यात कोणते लॉट आहेत हे आधी विचारावे आणि प्रत्येकाचे एक-एक खोके मागावे. ब्रिटनमध्ये एली या काडतूस कंपनीच्या आणि जर्मनीत शोनेबेक येथे लापुआच्या चाचणी रेंजवर नेमबाजाची रायफल पकडीत बसवून लॉट निवडून देतात; आपल्यापैकी बहुतेकांना तिथवर जाणे परवडणारे नाही.

मी पाच लॉट पुण्यातल्या बालेवाडीच्या ५० मीटर रेंजवर, वारा पडलेला असताना पहाटे तपासले. लॉट बदलला की पहिल्या दहा गोळ्या धरायच्या नाहीत, कारण आधीच्या काडतुसाचे वंगण बॅरलमध्ये उरलेले असते आणि नव्याचा थर बसायला तेवढ्या गोळ्या लागतात. मग रायफल आधारावर टेकवून दहा-दहा गोळ्यांचे चार ग्रुप, म्हणजे लक्ष्यावरच्या छिद्रांचे पुंजके, घ्यायचे. पाच गोळ्यांच्या एका सुंदर ग्रुपवर विश्वास ठेवू नये. मी तसा ठेवला होता आणि पुढच्याच ग्रुपमध्ये दोन फ्लायर, म्हणजे पुंजक्यापासून दूर गेलेल्या गोळ्या, आले. सर्वांत महाग लॉट माझ्या बॅरलमध्ये तिसरा आला. त्याच लॉटने माझ्या सहकाऱ्याच्या रायफलीत अप्रतिम ग्रुप दिला, त्यामुळे काडतूस वाईट होते असे मी म्हणणार नाही. माझ्या चेंबरशी, म्हणजे बॅरलमधल्या काडतूस बसण्याच्या जागेशी, त्याचे जमले नाही, एवढेच.

निवडलेल्या लॉटची ४,००० काडतुसे मी एकरकमी घेतली. खर्च मोठा होता. मात्र आठ महिन्यांत साइटचे झिरो हंगामानुसार एक-दोन क्लिकपलीकडे हलले नाही आणि एखादा नऊ पडला, तर ती चूक काडतुसाची नसून माझी हे मला खात्रीने कळू लागले, जे सरावात फार मोलाचे आहे. थंडीत वेग थोडा कमी होतो, म्हणून सकाळी काडतुसे अर्धा तास आधी बाहेर काढून त्यांना रेंजच्या तापमानाला येऊ देतो. उन्हाळ्यात ती गाडीत कधीच ठेवत नाही, कारण मेण वितळून गोळीवरचा थर बिघडतो.

ह्या लॉटची आता नऊ खोकी उरली आहेत. ती स्पर्धेसाठी बाजूला ठेवली असून, नव्याने आलेल्या दोन लॉटची चाचणी पुढच्या रविवारी घेणार आहे.